चोपडा ते नाशिक इलेक्ट्रिक गाडीने: वाटेत खरोखर चालू असलेलं चार्जिंग कुठे आहे?

नमस्कार मंडळी, मी चोपड्याचा. सहा महिन्यांपूर्वी २४ किलोवॅट-अवर बॅटरीची टियागो ईव्ही घेतली. रात्री घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावली की सकाळी भरलेली असते. जळगाव जाऊन-येऊन आरामात होतं. गाडीबद्दल तक्रार नाही.

आता आखाजी (अक्षय तृतीया) आलीय. बहीण नाशिकला दिली, लग्नानंतरची ही पहिलीच आखाजी, आणि तिला माहेरी आणायला मुऱ्हाळी म्हणून मलाच जायचंय. अमळनेरमार्गे धुळं ७० किमी, पुढे मालेगाव ५०, तिथून नाशिक शंभराच्या वर. एसी लावून हायवेला माझी गाडी एका चार्जमध्ये १८० किमीच्या आसपास जाते. म्हणजे वाटेत एकदा तरी फास्ट चार्जिंग हवंच.

गेल्या महिन्यात फार वाईट अनुभव आला, म्हणून आधी विचारतोय. बाबांना घेऊन बाहेरगावी गेलो होतो. ॲपमध्ये एका पंपावर हिरवा ठिपका होता, म्हणजे चार्जर चालू. गेलो तर मशीनवर गोणपाट. पोरगा म्हणाला, "आठ दिवसांपासून बंद आहे." दुसऱ्या ठिकाणी मशीन चालू, पण ॲपमध्ये आधी पैसे भरायचे आणि तिथे मोबाईलला रेंजच नाही. शेवटी एका ढाब्याच्या सॉकेटला लावली, तर चार्जरवर लाल दिवा, कारण बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. बाबांना शुगर आहे. भर दुपारी दोन तास ते लिंबाखाली बसून होते. ते मला अजून खातंय.

केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किमीवर चार्जिंग असावं असं लिहिलं होतं. पण नुसतं मशीन उभं असून काय उपयोग? ते चालू आहे की नाही, हे कुणी पाहायचं?

धुळ्यात थांबू की मालेगावला? मला मालेगाव बरं वाटतं, बॅटरी जितकी उतरलेली तितकी लवकर भरते. आणि तिथलं बंद निघालं तर काय करायचं?

धुळ्याहून उत्तर:
भाऊ, मालेगावच्या भरवशावर धुळं सोडू नका. नाशिकच्या दिशेने चढ आहे, चांदवडच्या अलीकडे राहुड घाट लागतो. जाताना १८० नाही, १६० धरा. मालेगावला पोचाल तेव्हा पंचवीस टक्के उरलेले असतील. बंद निघालं तर धुळ्याला परतही येता येणार नाही. धुळ्यात पंचावन्नवरून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरा, वीस-पंचवीस मिनिटं. ऐंशीच्या पुढे वेग पडतो, तिथे ताटकळू नका. मग मालेगाव बंद असलं तरी चांदवड हातात राहतं.

ठिपक्यावर जाऊ नका. ॲपमध्ये शेवटची गाडी कधी लागली होती ते बघा, आणि आदल्या संध्याकाळी पंपावर फोन करा. दोन-तीन ॲपमध्ये पैसे घरूनच भरून ठेवा. बहिणीकडे पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा सॉकेट आहे का, तेही विचारा. रात्रभर लावली तर येताना उतार आहे, निम्मी काळजी मिटली.

घरच्या अर्थिंगकडेही लक्ष द्या. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की चार्जर मध्येच बंद पडतो. आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओता.

मूळ प्रश्नकर्ता:
भाऊ, मनापासून आभार. चढाचा विचारच केला नव्हता. बहिणीच्या सासऱ्यांशी बोललो, सॉकेट आहे, त्यांनी लगेच हो म्हटलं. धुळ्यातच थांबतो. आता एवढंच राहिलं: गेल्या पंधरा दिवसांत मालेगाव किंवा चांदवडला कुणी स्वतः गाडी लावली असेल, तर कुठल्या पंपावर आणि किती वाजता, तेवढं कृपया लिहा.