एका रात्रीत कॉलर्पा पांढरा, पाणी दुधाळ, आणि पॅलीथोआ फुल्ल उघडलेले?

सिडको_खारं_पाणी:
नमस्कार मंडळी, नाशिकहून. २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा सॉफ्ट कोरल टँक आहे, खाली संपमध्ये (फिल्टरची टाकी) कॉलर्पा, म्हणजे पाणी साफ ठेवणारं समुद्री शेवाळ. काल सकाळी सहाला दूध घ्यायला उठलो तर टँकचंच दूध झालेलं, हिरवट, मागची काच दिसेना, आणि कॉलर्पाची पानं पारदर्शक, नुसत्या रिकाम्या पिशव्या. गंमत म्हणजे पॅलीथोआ (कोरलसारखे फुलणारे समुद्री जीव) एरवी आठशिवाय उठत नाहीत ते आधीच फुलून बसलेले. त्यांना खायला मिळालं म्हणायचं का? दोन महिने कॉलर्पाची छाटणी राहिलीये हे कबूल.

रात्रपाळी:
भाऊ, कॉलर्पा 'सेक्शुअल' गेला. हे अख्खं झाड म्हणजे एकच पेशी, मध्ये भिंतीच नाहीत, त्यामुळे वेळ आली की आतला सगळा माल गॅमीट (प्रजनन पेशी) होऊन पहाटे बाहेर पडतो आणि मागे सालटं उरतं. आदल्या दिवशी पानांवर बारीक जाळीसारखी नक्षी दिसते, तेव्हाच उपटून टाकायचा. दोन महिने शोषलेलं नायट्रेट-फॉस्फेट आता परत पाण्यात येणार. आधी मासे बघ, वर येऊन तोंड मारतायत का?

सिडको_खारं_पाणी:
हो ना, क्लाउन मासा वरच लटकलाय!!

रात्रपाळी:
मग कोरल नंतर, आधी एअरस्टोन टाक. ऑक्सिजन पहाटे तसाही कमी, त्यात हे सगळं सडतंय. सालटं काढ, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) फुल्ल, फिल्टरला नवा कार्बन, पाणी बदल.

कॉलेजरोड_रीफर:
पॅलीथोआचं सांगतो. पाण्यात अमिनो ॲसिड विरघळली की वास आल्यासारखे ते उघडतात, त्याचा अर्थ पोटात काही गेलं असा नाही. पंप बंद कर, एकाच्या तोंडावर मायसिसचा (बारीक कोळंबीसारखं खाद्य) छोटा तुकडा ठेव. कडा आत मुडपून धरला तर भूक आहे, नुसताच ताणून राहिला तर वासच. हात लावशील तर ग्लोव्हज घाल, पॅलीटॉक्सिनशी मस्करी नको.

सिडको_खारं_पाणी:
अपडेट. कार्बन धुऊन टाकला, ४० लिटर पाणी बदललं, दुपारपर्यंत मागची काच दिसायला लागली, क्लाउन खाली आला. मायसिस ठेवला तर एकाने मिनिटभरात गुंडाळला, शेजारचे दोघं ढिम्म. संपचा लाइट टायमरवर होता, परवा लाइट गेली तेव्हापासून टायमरच गंडलेला. परत असं होऊ नये म्हणून आता लाइट चोवीस तास चालू ठेवू का?

रात्रपाळी:
बरेच जण तसंच करतात, पण मी तर कॉलर्पाच काढून चेटो (दुसरं, तारांच्या गुंत्यासारखं शेवाळ) लावला. तो असं क्वचितच करतो, आणि छाटायला कात्रीही लागत नाही, मूठभर ओढला की झालं.