रस्त्यावरचा कचरा कमी करण्यात रहिवाशांचा सहभाग कसा टिकवावा?

प्रश्न: स्वच्छता मोहीम जाहीर झाली की पहिल्या दिवशी बरीच माणसे जमतात, पण थोड्याच दिवसांत तोच कोपरा प्लास्टिकच्या पिशव्यांनी आणि कागदी कपांनी पुन्हा भरतो. हा उत्साह टिकावा यासाठी नेमके काय करावे?

प्रतिसाद १: एकदिवसीय मोहीम व्यर्थ नसते. एस्टोनियात २००८ साली सुमारे ५०,००० स्वयंसेवकांनी एका दिवसात जवळपास १०,००० टन कचरा गोळा केला. मात्र त्याआधी कचऱ्याच्या जागा शोधून त्यांचा नकाशा तयार करण्यात आला होता आणि मला ही पूर्वतयारीच अधिक मोलाची वाटते. कचरा कुठे, कोणता आणि कोणत्या वेळी पडतो, याची नोंद रहिवाशांनीच ठेवली, तर पुढचे काम त्यांना आपले वाटते.

प्रतिसाद २: सहमत आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आधीच अस्वच्छ असलेल्या जागी लोक अधिक कचरा टाकतात, असे दिसले होते. काठोकाठ भरलेल्या कचरापेटीशेजारी कोणी पहिली पिशवी ठेवली की इतरांना तिथेच टाकण्याची जणू परवानगी मिळते. त्यामुळे कोपरा साफ केल्यावर लगतच्या घरांनी आणि दुकानदारांनी आळीपाळीने त्यावर रोज लक्ष ठेवावे आणि पेटी वेळेवर रिकामी व्हावी म्हणून पालिकेकडे लेखी पाठपुरावा करावा.

प्रतिसाद ३: सिगारेटची थोटकेही विसरू नका. त्यांचे फिल्टर सहसा सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचे असतात आणि ती झाडूतून सहज निसटतात. त्यांच्यासाठी बसथांब्यांवर वेगळी पेटी हवी.