‘तू जा, घरचं आम्ही बघतो’ : अडचणी असताना वारीला निघालेल्यांचे अनुभव

जुना वाडा (धागाकर्ती)
पालखीच्या पुण्यातल्या मुक्कामात आमच्या शेजारच्या शाळेत एक दिंडी उतरते, आणि तिच्यासाठी जुने रेनकोट नि प्लास्टिकचे कागद द्यावेत अशी सूचना आज सोसायटीच्या फलकावर लागली आहे. ती वाचता वाचता मला आईची एक वारी आठवली.

त्या वर्षी फाल्गुनात वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली होती, पीककर्ज थकले होते आणि धाकट्या भावाचे वय शाळेत एकट्याने जाण्याचेही नव्हते. ज्येष्ठ लागला तशी आई म्हणाली की गळ्यात माळ आहे, तेव्हा या वर्षी तर जायलाच हवे. गावात नावे ठेवणारे पुष्कळ होते. वडिलांना नीट बोलता येत नव्हते, पण डाव्या हाताने त्यांनीच तिला दाराकडे खूण केली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “तू जा, घरचं आम्ही बघतो.” काकूंना वाचता येत नव्हते, म्हणून आईने औषधांच्या पाकिटांवर ठिपके काढून ठेवले : कुंकवाचा ठिपका म्हणजे सकाळची गोळी, निळीचा म्हणजे रात्रीची आणि दोन्ही असतील तर दोन्ही वेळची.

वडील त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले, मात्र उजवा हात शेवटपर्यंत उठला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला इथे चमत्कार गोळा करायचे नाहीत. अडचण समोर उभी असताना देवावर हवाला टाकून जे निघाले, त्यांनी लिहावे, आणि पुढे ती अडचण सुटली की नाही हेही लिहावे.

बांधावरचा
ताई, आमच्या मराठवाड्यात वारी आणि पेरणी यांची गाठ दरवर्षीच पडते. पाऊस वेळेवर झाला तर माणूस पेरून निघतो आणि परत येईपर्यंत रोपे वितीवर आलेली असतात. पाऊस लांबला तर बी-बियाण्याच्या पिशव्या घरात थप्पीला लावून निघावे लागते, आणि मग दिंडीत रोज संध्याकाळी राहुटीत एकच विषय असतो : “तुमच्याकडं पडला का?” अशाच एका वर्षी नीरा ओलांडून पालखी लोणंदला आली, तेव्हा चुलतभावाचा फोन आला की ओल बघून त्याने आमच्या रानातही तिफण घातली आहे. मी त्याला सांगितले नव्हते आणि त्यानेही मला विचारले नव्हते. पुढे पावसाने ताण दिला, निम्मे सोयाबीन उगवलेच नाही आणि परत आल्यावर दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याचे पैसे देवाने दिले नाहीत, ते उसनेच आणावे लागले. तरीही मी पुढच्या वर्षी निघालो. का, असे बायकोने विचारले होते, तिला अजून उत्तर दिलेले नाही.

टोकदार पेन्सिल
वर लिहिणाऱ्या दोघांविषयी पूर्ण आदर ठेवून एक शंका मांडते. जो निघतो त्याच्या श्रद्धेचे कौतुक होते, पण काकूंनी इतके दिवस एका आजारी पुरुषाची उठबस केली आणि चुलतभावाने दोन घरची पेरणी केली, त्याला आपण काय म्हणतो? माझे आजोबा वारी न चुकवणारे होते, आणि आजी आयुष्यभर गोठा सांभाळत घरी राहिली. तिला पंढरपूर पाहायला मिळाले ते आजोबा गेल्यानंतर, तेही एसटीने. देवावरचा भरवसा हा बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या बाईवरचा भरवसा असतो, असे मला वाटत आले आहे.

बांधावरचा
पेन्सिलताई, बोललात ते खोटे नाही. चुलतभाऊ माळकरी नाही, पण आमच्या घरी देवापाठोपाठ त्याचे नाव घेतात. आपल्या आजीला मात्र आजोबांनी न्यायला हवे होते.

खाडीपलीकडे
आषाढात आमच्या कोकणात भातलावणी असते. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाने सगळे टाकून निघावे, असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. म्हणून आम्ही बहुतेक जण कार्तिकीला जातो, तोवर कापणीचा जोर ओसरलेला असतो. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या आहेत, आणि पंढरीचा देव आमची शेती सांभाळून आम्हाला बोलावतो, असे माझे वडील सांगत. सध्या भाताच्या आवणातून (खाचरातून) बाहेर येऊन जेवणाच्या सुट्टीत लिहीत आहे, काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.

स्टेथो
मी वाटेवरच्या वैद्यकीय पथकात काम केले आहे, म्हणून विषयाला धरून एक सूचना करते. पुणे ते सासवड हा मोठा टप्पा आणि त्यातली दिवे घाटाची चढण झाली की सासवडला पायांच्या फोडांची रांग लागते. फोडात सुईने दोरा ओवून तो तसाच ठेवण्याचा वारकऱ्यांचा जुना उपाय आहे, परंतु मधुमेह असणाऱ्यांनी तो कदापि करू नये, कारण त्यांच्या पायाला संवेदना कमी असते आणि जखम चिघळली तरी कळत नाही. एका आजोबांना मी “पुढे चालू नका” असे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “डॉक्टरीणबाई, तुम्ही पट्टी बांधा, चालवणारा दुसरा आहे.” मी त्यांना सांगितले की त्या दुसऱ्यानेच मला इथे बसवले आहे. आजोबा हसले आणि दोन मुक्काम दिंडीच्या ट्रकमध्ये बसून गेले.

पखवाजवाला
ट्रकमध्ये बसून केलेली वारी मोजायची का, यावर आमच्या दिंडीत दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी तो जेवण वाढले की मिटतो.

केडगाव फाटा
मी ख्रिस्ती घरातला आहे, त्यामुळे लिहावे की नाही याचा विचार करत होतो, पण पेन्सिलताईंचा प्रश्न वाचून राहवले नाही. आमच्या घरी या विषयावर पंडिता रमाबाईंचे नाव निघते. त्यांचे बालपण आईवडिलांसोबत तीर्थयात्रा करत पायी हिंडण्यात गेले आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने आईवडील दोघेही गेले. देवाच्या नावाने चालणे म्हणजे काय आणि त्यात काय काय गमवावे लागते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, १८८९ साली मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो निराधार मुली नि बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते, म्हणून इतक्या जणींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या माळावर आणले, जिथे धड इमारतही उभी नव्हती. ठरलेले उत्पन्न नसताना त्यांनी प्रार्थनेच्या भरवशावर मुक्ती मिशन हा निराधार बायकांचा आश्रम चालवला, हे खरेच आहे. पण त्याच माळावर विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम आणि छापखाना सुरू झाला, आणि ही कामे तिथल्या बायकाच शिकून करत होत्या. ज्यांना घरी ठेवून कोणीतरी निघून गेले होते किंवा ज्यांचे घरच उरले नव्हते, अशाच त्या होत्या. माझी पणजी त्यांच्यातली एक होती.

टोकदार पेन्सिल
हे आपण लिहिले ते फार बरे केले. पणजींविषयी सवडीने आणखी लिहा, मी वाट पाहते.

तुळस डोईवर
माझी मुलगी जन्मतः बहिरी आहे. तिच्या शस्त्रक्रियेची तारीख पैशांअभावी पुढे ढकलली गेली, त्या वर्षी मी निघाले. पहाटे अडीच-तीनला उठून टँकरच्या पाण्याने, साडीचा आडोसा धरून आंघोळ करायची, वळकटी ट्रकवर टाकायची आणि चालू लागायचे, यात रडायला वेळच मिळत नाही. पंढरपूरला पोहोचल्यावर दर्शनाची रांग इतकी लांब होती की मी नामदेव पायरीला डोके टेकले, कळसाकडे हात जोडले आणि परत फिरले. तिथे एका आजींनी सांगितले की आषाढीच्या दिवसांत देवाचा पलंग काढून ठेवतात आणि उभ्या देवाच्या पाठीशी लोड देतात, कारण भक्तांसाठी तो चोवीस तास जागा असतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते आणि शीण जावा म्हणून देवाला काढा देतात. हे ऐकून मला पहिल्यांदा आत काहीतरी सैल झाल्यासारखे वाटले. शस्त्रक्रिया पुढे झाली. पैसे सरकारी योजनेतून आणि माझ्या भावाकडून आले.

एसटीचा नातू
थोडे वेगळे लिहितो. आमच्या आजोबांनी दुष्काळातही वारी चुकवली नव्हती, आणि २०२० साली पायी वारीच रद्द झाली. माउलींच्या पादुका बसमधून पंढरपूरला निघाल्या, ते दूरदर्शनवर पाहताना आजोबा चिडून म्हणाले, “माउलींना ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा आकार की पुरा?” सगळे घर हसले, आणि तेही हसले. त्यानंतर मात्र ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षीही तसेच झाले. देवावर भरवसा ठेवून निघणे आजोबांना नेहमीच सोपे गेले होते, पण देवावर भरवसा ठेवून घरी बसणे त्यांना जमले नाही. २०२२ ला वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा ते हयात होते, फक्त पाय राहिले नव्हते. आम्ही त्यांना गाडीने वाखरीपर्यंत नेले.

पखवाजवाला
वाखरी म्हणजे सर्व संतांच्या पालख्या एकत्र येण्याचे ठिकाण, त्यामुळे आजोबांनी सर्वांना एकाच जागी गाठले म्हणायचे.

माझा अनुभव लहानसा आहे. नोकरी सुटलेली असताना मी मित्राकडून उसने घेऊन दिंडीची भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाची वर्गणी, भरली आणि उरलेले पैसे ठेवलेले पाकीट तरडगावच्या अलीकडे, चांदोबाच्या लिंबाजवळच्या उभ्या रिंगणाच्या गर्दीत हरवले. मुक्कामावर सर्व दिंड्यांच्या एकत्र आरतीला, म्हणजे समाजआरतीला, चोपदार हातातला चोप (दंड) उंचावतात आणि क्षणात लाखो माणसांचे टाळमृदंग थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तीच तेवढी टाळ वाजवत राहते. मग हरवले-सापडलेले पुकारतात. माझे पाकीट त्या दिवशी पुकारले गेले नाही. दुसऱ्या दिवशी पुकारले गेले, आतले सर्व पैसे शाबूत होते आणि वर कोणीतरी बुक्क्याची पुडी ठेवली होती. नोकरीला पुढे वर्ष लागले.

नवखी
सर्वांचे अनुभव वाचून धीर करून विचारते. माझी आई साठी ओलांडलेली आहे, गुडघे दुखतात, मधुमेहाचे इन्सुलिन चालू आहे, आणि “यंदा नाही तर कधीच नाही” असे म्हणत तिने हट्ट धरला आहे. तिला पाठवावे का?

स्टेथो
पाठवा, पण पूर्ण वाट नको. आधी साखर आणि पाय तपासून घ्या. इन्सुलिन थंड राहील अशी पिशवी द्या, आणि गोळ्यांची नि इंजेक्शनची वेळ दिंडीतल्या दोघींना तरी ठाऊक असू द्या. नव्या चपला घालून निघू देऊ नका.

जुना वाडा (धागाकर्ती)
नवखीताई, वेळापूरपासून पुढे चालवा. मुक्काम थोडे उरतात आणि आईला वाखरीही मिळते. आजच दिंडीप्रमुखांशी बोला, कारण ट्रकमध्ये बसण्याची जागा आधी सांगून ठेवावी लागते. मागे आईचे घर कोण बघणार आहे, तेही ठरवून कळवा. आपण पुण्यात असाल तर एखादी चक्कर मी मारीन.