राणीबाग एका दिवसात, सोबत दोन मुलं आणि सासूबाई, नाशिकहून कसं जमवावं?

नाशिकरोडची_सून
नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये मुलांना मुंबईतली राणीबाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणीसंग्रहालय, दाखवायची आहे. मुलगा 8 वर्षांचा, मुलगी 4 ची, आणि सोबत सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात पण सगळ्यात जास्त उत्साह त्यांनाच आहे, कारण त्या परळच्या चाळीत वाढल्या आणि लहानपणी दर मे महिन्यात राणीबागेत जायच्या. ह्यांना बुधवारी सुट्टी असते, म्हणून प्लॅन असा केलाय की सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, दादरला उतरून लोकलने भायखळा आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत. पोराला पेंग्विन आणि वाघ बघायचाच आहे. एवढ्यात नीट बघून होतं का? सुरुवात कुठून करावी, आणि सासूबाईंना कितपत चालावं लागेल? कुणी लहान मुलं घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

लालबागकर
ताई, सगळ्यात आधी बुधवार बदला. राणीबाग दर बुधवारी बंद असते. बुधवारी सरकारी सुट्टी आली तर उघडी ठेवतात, पण मग दुसऱ्या दिवशी बंद. मी रोज त्याच रस्त्याने कामावर जातो आणि बुधवारी बंद गेटसमोर बाहेरगावची माणसं पोरांना घेऊन उभी दिसतात, फार वाईट वाटतं. रविवार आणि नाताळची सुट्टीपण टाळाच. पेंग्विनची रांग एवढी होते की आत गेल्यावर दोन मिनिटं उभं राहायला मिळत नाही, मागून लोक पुढे सरका पुढे सरका करतात. गुरुवार किंवा शुक्रवार बेस्ट.

भायखळ्याला फास्ट लोकल थांबते. पूर्वेला बाहेर पडा, तिथून चालत पाच-सात मिनिटं. आम्ही मागच्या वेळी गेलो तेव्हा मोठ्यांना 50, मुलांना 25 आणि आईबाबा अधिक दोन मुलं मिळून 100 असं तिकीट होतं. गेटवर बॅगा बघतात, चिप्सची पाकिटं, प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन जाऊ नका, स्टीलची बाटली ठेवा. वाघ बघायचा असेल तर उघडताच जा, साडेनऊ-दहाला तो फिरत असतो, बाराला गेलात तर सावलीत पाय पसरून झोपलेला दिसेल आणि पोरगं हिरमुसेल. आणि आम्ही गेलो तेव्हा सिंह नव्हता, ते मुलाला आधीच सांगून ठेवा.

दोन_पोरांचा_बाबा
लालबागकरांशी सहमत, पण मला वेगळंच सांगायचंय. सगळं बघायच्या मागे लागू नका. आम्ही पहिल्यांदा तेच केलं, अस्वल झालं चला तरस, तरस झालं चला बिबट्या, आणि घरी आल्यावर मुलीला विचारलं तर तिला आइस्क्रीम आठवत होतं. दुसऱ्या वेळी ठरवून पाणघोड्यासमोर पाऊण तास बसलो. आधी नुसतं हिरवट पाणी, काहीच नाही, बाजूचे लोक बघून निघून जात होते. मग दोन कान वर आले, कान झटकले, पाण्याचे थेंब उडाले, मग नाकपुड्या उघडल्या आणि असा फुस्सकन आवाज आला की मुलगी माझ्या पायाला चिकटली. आज दोन वर्षं झाली, अजून तो आवाज काढून दाखवते.

पेंग्विनच्या बाबतीत मुलाला आधी थोडं सांगून न्या. हे हंबोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फावरचे नाहीत. 2016 मध्ये दक्षिण कोरियातून आणले आणि 2017 पासून लोकांना बघायला मिळाले. आत एसी असतो, चार वर्षांच्या मुलीला पातळ स्वेटर घाला. काचेवर बोट धरून हळू सरकवलं तर कधीकधी पेंग्विन पाण्यातून बोटाच्या मागे मागे येतो, पण काच वाजवू देऊ नका. मोठी माणसं मुलांना उचलून काच वाजवायला लावतात तेव्हा मला खरंच राग येतो, त्या जिवाला दिवसभर तेच ऐकावं लागतं.

अजून एक, गर्दीत आमचा धाकटा दहा मिनिटं सापडत नव्हता, ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. दोघांच्याही मनगटावर पेनने मोबाईल नंबर लिहा.

गोरखचिंच
सासूबाईंसाठी लिहिते, माझ्या आईचेही गुडघे असेच आहेत. रस्ते बहुतेक सपाट आहेत, बाकडी जागोजागी आहेत आणि सावली भरपूर, कारण राणीबाग मुळात बाग आहे, 1862 ची. 3000 च्या वर झाडं आहेत. मधल्या काळात नवीन आराखड्यात झाडांवर गदा येणार होती तेव्हा मुंबईकर वर्षानुवर्षं भांडले म्हणून ती आज उभी आहेत. आईला मी बाकावर बसवलं, मुलं बाबांबरोबर मगरी बघायला गेली (काचेतून पाण्याखालची मगर दिसते, ते चुकवू नका) आणि आम्ही दोघी नुसत्या वर बघत बसलो. कैलासपतीच्या खोडालाच फुलं येतात, खाली सडा पडतो, वास येतो. उर्वशीचं झाड माळ्यांना विचारून शोधा, हिवाळ्यात फुललेलं मिळालं तर नशीब, लाल फुलांचे झुंबरासारखे घोस लटकतात. गोरखचिंचेचं खोड मुलांना मोजायला सांगा, किती जणांनी हात धरले की वेढा पूर्ण होतो ते.

आणि जुना काळा घोडा बघायला विसरू नका. फोर्टातला तो पुतळा 1965 मध्ये हलवला, तो इथेच आहे. शेजारच्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. म्युझियमचं तिकीट वेगळं, आणि तेही बुधवारी बंदच. ते सगळ्यात शेवटी ठेवा, तोवर पाय दुखायला लागलेले असतात आणि आत शांत असतं.

नाशिकरोडची_सून
बापरे, बरं झालं विचारलं, आम्ही बुधवारची तिकिटं काढणारच होतो!! ह्यांनी शुक्रवारची रजा टाकलीये. सकाळी वाघ बघायचा तर पंचवटीने अकरा वाजतील, म्हणून गुरुवारी रात्री ठाण्याला मावशीकडे मुक्काम करू आणि सकाळी तिथून फास्ट लोकल पकडू. चालेल ना?

लालबागकर
मुक्काम उत्तम, फास्ट नको!! शुक्रवारी सकाळी आठ-साडेआठला ठाण्याहून फास्टमध्ये गुडघे दुखणाऱ्या बाईंना आणि चार वर्षांच्या मुलीला चढवायचं म्हणजे फार त्रास. ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडा, जरा लवकर प्लॅटफॉर्मवर पोचलात की बसायला मिळतं, वेळ जास्त लागतो पण आरामात याल. संध्याकाळी परत दादरला जाऊ नका, भायखळ्याहून सीएसएमटीला जा, त्या वेळी तिकडे जाणाऱ्या लोकलला गर्दी कमी असते आणि पंचवटी तिथूनच सुटते, त्यामुळे घाई न करता आपल्या जागेवर बसता येईल. पाचच्या आत बागेतून निघा. चिवडा हवा असेल तर लालबागची चिवडा गल्ली जवळच आहे, पण मुलं दमली असतील तर राहू द्या.

नाशिकरोडची_सून
स्लोच पकडतो, मनापासून आभार सगळ्यांचे. सासूबाईंना आत्ताच हे सगळं वाचून दाखवलं. काळ्या घोड्याचं आल्यावर त्यांनी मला थांबवलं, म्हणाल्या तो मी जागेवर असताना बघितलाय, दादांच्या खांद्यावर बसून. आता म्हणतात वाघ पोरांना दाखवा, मला आधी घोड्याकडे न्या.