पीसीआरई सापडत नाही: डेव्ह पॅकेज टाकावं की सोर्स जोडावा?

टर्मिनलपंत:
एनजिनएक्स हा वेब सर्व्हर सोर्सवरून बांधताना बहुतेकांचं घोडं कॉन्फिगरलाच, म्हणजे बांधणीआधीच्या तपासणी स्क्रिप्टलाच, अडतं: यूआरएल बदलणाऱ्या-वळवणाऱ्या रीराइट मॉड्यूलला पीसीआरई ही रेग्युलर एक्स्प्रेशन्सची लायब्ररी हवी, ती सापडत नाही अशी एरर येते. गंमत म्हणजे लायब्ररी बऱ्याचदा मशीनवर असते, नसतात त्या कंपाइल करताना लागणाऱ्या हेडर फाइल्स. डेबियन-उबुंटू त्या डेव्ह पॅकेजात वेगळ्या ठेवतात, रेड हॅटवाले डेव्हलमध्ये. पीसीआरई२ (पीसीआरईची नवी आवृत्ती), झेडलिब (कॉम्प्रेशनसाठी), ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनसाठी) या तिन्हींची डेव्ह पॅकेजं टाका, विषय संपला. टारबॉल, म्हणजे सोर्सचं गाठोडं, उतरवून जोडत बसणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

रात्रपाळी:
संपला कसला? पीसीआरई२ चालतं ते एनजिनएक्स १.२१.५ पासून. आमच्या एका थर्ड-पार्टी मॉड्यूलपायी आम्ही त्याआधीच्या व्हर्जनवर अडकलोय. त्या व्हर्जनला जुनं पीसीआरई लागतं आणि डेबियन १३ मधून ते हद्दपार झालंय. मग जुन्या पीसीआरईच्या ८.४५ चा सोर्स उघडून कॉन्फिगरच्या 'विथ-पीसीआरई' पर्यायाला त्याचा पाथ द्यायचा नाही तर काय करायचं?

टर्मिनलपंत:
पीसीआरईपुरतं मान्य. पण लोक त्याच झटक्यात ओपनएसएसएलही एनजिनएक्सच्या आत (स्टॅटिक) बांधून घेतात. ओपनएसएसएलमधलं २०१४ चं हार्टब्लीड भगदाड आठवा. शेअर्ड, म्हणजे सिस्टिमवरची वेगळी लायब्ररी वापरणाऱ्यांनी पॅकेज अपडेट केलं, सर्व्हर रीस्टार्ट केला, सुटले. आत बांधून घेतलेल्यांना अपडेटचा काडीचा उपयोग नव्हता, पुन्हा कंपाइल करणं आलं.

कोरीपाटी:
तुमचं चालू द्या, पण एरर स्वतःच जो पहिला उपाय सुचवते, मॉड्यूलच बंद करा, तो नवख्यांनी घेऊ नये. बिल्ड बिनबोभाट होतो आणि मग एचटीटीपीएसकडे वळवणारी 'रिटर्न ३०१'ची ओळ 'अननोन डिरेक्टिव्ह' म्हणून आपटते. रिटर्नही त्याच मॉड्यूलचं. आणि पॅकेज टाकूनही तीच एरर आली, तर ऑब्जेस फोल्डरमधली 'autoconf.err' ही फाइल वाचा. कॉन्फिगर एक चिमुकला सी प्रोग्रॅम कंपाइल करून बघतं, तो नेमका कशाने पडला ते तिथे लिहिलेलं असतं.

रात्रपाळी:
शेअर्डचे चोचलेही सांगा की, पंत. लायब्ररी हाताने यूएसआर-लोकलमध्ये टाकली, मेक झालं, आणि सुरू करताना 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल'. प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारा एलडीडी म्हणतो 'नॉट फाउंड', फाइल तर समोर दिसते. लायब्ररींची यादी ताजी करणारं एलडीकॉन्फिग चालवायचं सुचेपर्यंत साइट बंद.

टर्मिनलपंत:
हाताने टाकलीच कशाला? पॅकेजातून घेतली की एलडीकॉन्फिग आपोआप चालतं. बरं, उद्या ओपनएसएसएलचा पॅच आला, तर तुमचं ते स्टॅटिक प्रकरण रात्री बसून पुन्हा बांधणार कोण?

रात्रपाळी:
मीच. नाव वाचा की.