चेनसॉ अचानक तोंडाकडे उसळला, काय चुकलं?

प्रश्न:
वादळात उन्मळून पडलेलं झाड चेनसॉनं (यांत्रिक करवतीनं) तोडतोय. दोन दिवस सुरळीत गेले. काल एक फांदी कापताना मशीन असं उसळलं की बारचं, म्हणजे चेन फिरते त्या लांब पात्याचं, टोक कपाळासमोरून गेलं. लागलं नाही, पण पुन्हा हातात घ्यायची छाती होत नाही. आधी एका ओंडक्यात बार दोनदा अडकलाही होता.

उत्तर १:
याला किकबॅक म्हणतात. बारच्या टोकाचा वरचा भाग मागच्या कशाला तरी टेकला असणार. तिथे चेन लाकडात अडते आणि अख्खं मशीन वर आणि मागे फेकलं जातं. आपल्याला कळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं, त्यामुळे ‘सावध राहीन’ एवढ्यावर विसंबू नका.

माझ्यावरही हा प्रसंग आलाय. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून घट्ट वळवलेला होता, म्हणून पकड सुटली नाही. मनगट मुठीपुढच्या गार्डवर आदळलं, त्यानं चेनचा ब्रेक लागला आणि चेन जागीच थांबली. तेव्हापासून ब्रेक तपासल्याशिवाय मी पहिला काप घेत नाही. डोकं बारच्या रेषेत आणू नका, किंचित डावीकडे उभे राहा. खांद्याच्या वर तर कापूच नका.

बार अडकतो तो ओंडक्याच्या वजनामुळे. दोन्ही टोकं टेकलेली असतील तर वरची बाजू दाबली जाते आणि वरून कापत गेलं की चीर मिटते. आधी वरून साधारण एक तृतीयांश कापा, उरलेलं खालून. एक टोक अधांतरी असेल तर आधी खालून, मग वरून. खालून कापताना मशीन तुमच्याकडे रेटलं जातं, तयारीत राहा.

आणि झाड उन्मळलेलं आहे म्हणून कळकळीनं सांगतो: बुंधा कापला की मुळांचा गड्डा झटक्यात परत उभा राहू शकतो किंवा कलंडू शकतो. त्याच्या आसपास कुणालाही फिरकू देऊ नका. तो काप जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

उत्तर २:
खाली काय पडतंय तेही बघा. ढलप्या पडत असतील तर धार ठीक. पिठासारखा भुसा पडत असेल तर चेन बोथट झालीय. मग माणूस जोर लावतो आणि टोक नको तिथे जातं. आधी कानस मारा.

प्रश्नकर्ता:
आत्ता जाऊन पाहिलं. मागच्या फांदीवर बोटभर लांब ताजा ओरखडा आहे, म्हणजे टोक तिथेच लागलं. अंगठाही मी बोटांच्या बाजूनं वरच ठेवत होतो. अंगात साधी जीन्स असते, ती चालेल?

उत्तर १:
नाही. चेनसॉच्या खास पँटमध्ये लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागताच ते ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) गुंततात आणि चेन अडते. जीन्स नुसती फाटते. ती पँट, हेल्मेटची जाळी, कानांवर मफ आणि हाकेच्या अंतरावर एक माणूस, एवढं जमेपर्यंत झाड पडू दे तसंच.