भेडाघाटची नाव: आपापले अनुभव लिहा

मीनल_के:
आईचं कपाट आवरताना जबलपूरजवळच्या भेडाघाटहून आणलेला दगडी नंदी सापडला आणि सगळं आठवलं. पंचवटी घाटावरून नाव सुटली तेव्हा नर्मदेचं पात्र चांगलं रुंद होतं. मग दोन्हीकडून संगमरवराचे कडे जवळ येत गेले. पांढरे, मध्येच गुलाबी, कुठे काळपट निळे. एका वळणावर पुढची वाटच दिसेना. नावाड्याने वल्ही थांबवून विचारलं, "अब बताओ, किधर जाएँ?" एरवी गप्प बसणारे बाबा हिरिरीने डावीकडे बोट दाखवायला लागले. बाबांना इतकं खुललेलं मी क्वचितच पाहिलंय. तुम्ही गेला असाल तर लिहा ना.

सुहास७१:
नावाड्यांची ती यमकातली कॉमेंट्री! बंदरकुदनीला म्हणे पूर्वी माकडं या कड्यावरून त्या कड्यावर उडी मारायची.

रेवाकाठ:
आम्ही नर्मदा परिक्रमेत होतो, त्यामुळे नाव नाही. मैया ओलांडायची नसते. धुवांधार धबधब्याचे तुषार मात्र अंगावर घेतले. नर्मदे हर!

मीनल_के:
नर्मदे हर! पायी केलीत? नमस्कार तुम्हाला.

प्राची_नागपूर:
पौर्णिमेला रात्री गेलो होतो. चांदण्यात कडे काय दिसतात! पण शेजारच्या नावेत स्पीकरवर गाणी चालू होती, फार वाईट वाटलं. तिथे नुसता वल्ह्यांचा आवाज ऐकावा.

भूशास्त्री:
जवळच्या लमेटा घाटालाही जा. जबलपूरलाच 1828 मध्ये स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला डायनासोरची हाडं मिळाली, भारतातली पहिली. भेडाघाट-लमेटाघाट 2021 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे.

वैशाली आज्जी:
डिसेंबरात जातोय. माझे गुडघे दुखतात, जमेल का?

प्राची_नागपूर:
आज्जी, नक्की जा. पावसाळ्यात पाणी चढतं म्हणून नावा बंद असतात, डिसेंबर छान. घाटाच्या पायऱ्या सावकाश उतरा. धुवांधारला रोपवे आहे. चौसष्ट योगिनी मंदिराला शंभरावर पायऱ्या, ते बाकीच्यांना पाहू दे.

सुहास७१:
नाव चौसष्ट, पण गोलात देवड्या 81 आहेत. कलचुरींच्या काळातलं मंदिर. मूर्तींची तोडफोड बघून जीव हळहळतो.

वैशाली आज्जी:
बरं झालं सांगितलंस गं. आणि जबलपूरची ती काळी जिलबी कसली असते?

प्राची_नागपूर:
खव्याची! गरम खा आज्जी.

मीनल_के:
आमच्याकडे आई करायची, खव्यात थोडं आरारूट घालून. फोडणी टाकून येते, मग सविस्तर लिहिते.